चाळीस पावलांचं कुंपण

हेंग्रोव्ह, ९ जानेवारी १९५६

रूबेन,

एखाद्या माणसाने शब्द दिला, तो शेवटपर्यंत पाळला आणि तो पाळण्यापायी त्याचं घर मोडलं, तर त्याला प्रामाणिक म्हणायचं की दोषी? तीन वर्षं विद्यापीठात इतिहास शिकले, आता लोकांच्या मुलींना तोच शिकवते, पण याचं उत्तर मला येत नाही. तुलाही येत नसणार. फरक एवढाच की तू ते चौदा वर्षांपूर्वी देऊन टाकलंस आणि कॅनडाला निघून गेलास.

नाताळच्या कार्डावर दोन ओळींपलीकडे आपण कधी लिहिलं नाही, म्हणून हे पत्र बघून तुला वाटेल की बाबा गेले. गेलेले नाहीत. पण फुप्फुसं गेली आहेत. बुरशी धरलेल्या गवताची धूळ तीस वर्षं छातीत साठली, असं डॉक्टर म्हणतात. कोकरं जन्मलेली बघतील, गवताची कापणी बघणार नाहीत.

डिसेंबरात पंधरा दिवस ते हियरफर्डच्या इस्पितळात होते. त्या पंधरा दिवसांत मी एक मूर्खपणा केला, आणि त्यातून हे पत्र निघालं आहे.

रानाकडच्या शेताचं कुंपण तुला आठवतंच. तू जाताना त्याच्यावरून त्यांना बोलला होतास. तीन परगण्यांत झुडपांचं कुंपण कापून आडवं निजवण्यात ज्याच्या हाताला तोड नाही, चार चषक ज्याच्या फडताळात आहेत, त्या माणसाच्या स्वतःच्या बांधावर चाळीस पावलं कुंपण तसंच वाढलेलं. झुडपांची झाडं झाली, बुडाशी भगदाडं पडली, तरी बाबांनी कोयता लावला नाही. लोक म्हणायचे, बायको गेली तेव्हापासून अमोस प्रीसचा जीव कशातच नाही. तू म्हणालास, ‘बाईमाणसांच्या नादात कुंपण बघायला वेळ कुठला मिळणार त्यांना.’ मला वाटलं, ते इस्पितळातून परत येतील तेव्हा ती चाळीस पावलं नीट निजवलेली दिसावीत. खिडकीतून बघतील, बरं वाटेल. म्हणून मी लोहार आयव्हर प्यू यांच्याकडे गेले. बाबांनंतर कुंपण निजवावं ते त्यांनीच.

आयव्हरकाका ऐरणीवरून मान वर न करता म्हणाले, ‘नाही.’

‘का नाही?’

‘थंडी आहे.’

‘कुंपण थंडीतच निजवतात, आयव्हरकाका.’

‘विद्यापीठात शिकवलं वाटतं हे. पोरी, त्या तुकड्याला हात लावू नकोस. तुझ्या बापाला विचार.’

मी विचारलं नाही. शनिवारी बाबांचा कोयता घेतला आणि स्वतःच गेले. लहानपणी बघितलेलं आठवत होतं: बुंधा बुडाशी तिरका, निम्म्याहून जास्त कापायचा आणि जिवंत सालीवर आडवा निजवायचा. तिसऱ्या बुंध्याशी कोयता खणकन वाजला. माती बाजूला केली. खाली लोखंडी कडी, कडीखाली फळी, फळीखाली शिडी.

खाली एक खोली आहे, रूबेन. वाकलेल्या पत्र्याचं छत, सहा फळ्यांच्या पथाऱ्या, एक गंजलेली शेगडी आणि दुसऱ्या टोकाला ओढ्याकडे निघणारं भुयार. भिंतीवर खिळ्याला बाबांची जुनी टोपी होती. आईने तुझ्या कोटाचं कोपर शिवलं त्याच राखाडी लोकरीचं ठिगळ तिच्यावर होतं.

मी वर आले तेव्हा आयव्हरकाका कुंपणाशी उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. म्हणाले, ‘झालं समाधान?’

मग सांगितलं त्यांनी, सगळं नाही, पण पुरेसं. चाळीस सालच्या उन्हाळ्यात, जर्मन आज उतरतात की उद्या अशी वेळ होती तेव्हा, एक अधिकारी येऊन सहा जणांना एकेकट्याला भेटला. शेतकरी, लोहार, रानाचा राखणदार, म्हणजे डोळे मिटून इथले ओढे ओलांडतील अशी माणसं. तुकडीला नाव मुद्दाम कंटाळवाणं दिलं होतं, ‘सहायक तुकडी’. जर्मन आले की बायकापोरांना न सांगता गायब व्हायचं, जमिनीखाली राहायचं, त्यांची सैन्यं पुढे गेली की मागून पूल, गाड्या, पेट्रोलचे साठे उडवायचे. शिधा पंधरा दिवसांचा होता. मी विचारलं, पंधराच का. ते म्हणाले, ‘सोळाव्या दिवसाची कुणाला गरज पडेल असं त्यांना वाटत नव्हतं.’

‘आणि कुंपण?’

‘तेवढी एक चूक झाली आमची. जर्मनाला ते कुंपण दिसलं नसतं. पण इथल्या कुठल्याही शेतकऱ्याने एका नजरेत विचारलं असतं, अमोसने ही चाळीस पावलं का सोडली? निजवलं असतं तर दार उघडं पडलं असतं, नाही निजवलं तर अब्रू गेली. तुझ्या बापाने अब्रू घालवली.’

सप्टेंबर एक्केचाळीसचा, आई आजारी पडली तो शनिवार मी त्यांना विचारला. बाबा मेंढ्यांच्या बाजाराला गेले नव्हते, हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. ते विल्टशायरमधल्या एका मोठ्या घरात होते. तिथे त्यांना स्फोटकं कशी लावायची ते शिकवत होते.

कुठली बाई नव्हती, रूबेन. कधीच नव्हती. ये.

हेस्टर

---

हेंग्रोव्ह, २० फेब्रुवारी १९५६

रूबेन,

तुझं पत्र आलं. चौदा वर्षांनंतरचं पहिलं पत्र, आणि त्यात काय, तर ‘लेखी पुरावा पाठव’. खड्डा कुणीही खणतो, आयव्हर प्यू बाबांचा दोस्त आहे, दोस्त खोटं बोलतात.

तुझा राग मी समजू शकते. पोटातली कळ सहन न होऊन आई जमिनीवर बसली तेव्हा घरात मोठा तूच होतास. सोळा वर्षांचा. गाडी चालवता येणारे एकटे बाबा किंग्टनच्या बाजारात आहेत असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून तू आधी डॉक्टरकडे न जाता चौदा मैल सायकल मारत किंग्टनला गेलास. तिथे लोक हसले. ‘तुझा बाप? इकडे नाही दिसला बुवा. दुसरीकडे कुठे मेंढी बघत असेल.’ हे वाक्य तू मला एकदाच सांगितलंस, पण सांगताना तुझे ओठ पांढरे पडले होते, ते मी विसरले नाही. तू परत आलास, मग डॉक्टर, मग गाडी. आंत्रपुच्छ फुटून बारा तास झालेले. रविवारी सकाळी आई गेली. संध्याकाळी बाबा आले, मेंढा नाही, आणि बूट असे चकचकीत की त्यात दिवा दिसत होता. तू म्हणालास, मेंढ्यांच्या बाजारातून कोण असे बूट घेऊन येतं? नटूनथटून कुणाकडे गेला होतात? बाबा गप्प राहिले. दोन महिन्यांनी तू घर सोडलंस.

बुटांचं मी आयव्हरकाकांना विचारलं. तेही त्या शनिवारी तिथेच होते. तुकडीतल्या एकाचा घोटा मोडला म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांना ऐनवेळी बोलावणं आलं. ते म्हणाले, ‘तिथला सार्जंट म्हणायचा, बुटात तोंड दिसलं पाहिजे. येताना आगगाडीतून उतरलं की पहिल्या गोठ्यात शिरून बूट शेणात घालायचे, हे आमचं ठरलेलं. दरवेळी घालायचो. त्या दिवशी स्टेशनावर उतरलो आणि हमालाने अमोसला तुझ्या आईचं सांगितलं. मग शेण कुणाला आठवतंय?’

म्हणजे ज्या बुटांवरून तू त्यांना दोषी ठरवलंस, ते बूट चकचकीत राहिले कारण त्यांनी आईची बातमी ऐकली होती. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. शेवटी राहू दिलं.

पुराव्याचं म्हणशील तर मी लंडनच्या एका कचेरीला लिहिलं. उत्तर सहा ओळींचं आलं. अमोस प्रीस नावाच्या व्यक्तीची नोंद आढळत नाही, आणि अशा स्वरूपाच्या कामाबद्दल कचेरी काही सांगू शकत नाही. नोंदच नाही, तर सांगायचं नाही हे कशाबद्दल, असं विचारणारं दुसरं पत्र मी लिहिलं. त्याला उत्तर नाही. वर्गात मी मुलींना शिकवते की कागद खोटं बोलत नाही, फक्त तो शोधावा लागतो. आता पुढच्या सत्रात काय शिकवू?

मग बाबांनाच म्हटलं, तुम्ही रूबेनला दोन ओळी लिहा. मी धरते हात.

‘सही केलीय,’ ते म्हणाले. एका श्वासात दोन शब्द येतात त्यांना.

‘कुणाला?’

‘राजाला.’

‘तो राजा मेला, बाबा. चार वर्षं झाली.’

‘सही नाही मेली.’

‘तुमचा मुलगा तुम्हाला काय समजतो हे तुम्हाला माहीत आहे?’

‘माहीत आहे.’

‘आणि तेवढं चालतं तुम्हाला?’

त्यांनी बराच वेळ श्वास घेतला. म्हणाले, ‘मेंढ्यांना बघून ये. ती काळ्या तोंडाची आज वेगळी बसलीय.’

मी रागाने बाहेर गेले. मेंढी खरंच अडली होती. जुळं होतं.

आयव्हरकाका अधूनमधून येऊन बसतात. दोघे बोलत नाहीत, आणि त्यातच एखादी गंमत निघते. परवा आयव्हरकाका म्हणाले, ‘सरकारने आम्हा सहा मेथडिस्टांना, दारूला न शिवणाऱ्यांना, गॅलनभर रम दिली होती, सीलबंद. फार वाईट वेळ आली तरच उघडायची. चव्वेचाळीसला तुकडी मोडली तेव्हा अधिकाऱ्याला परत दिली.’ बाबा खोकत म्हणाले, ‘रंग तोच होता.’ आयव्हरकाका म्हणाले, ‘चहा तुझ्याकडचा होता, म्हणून जरा फिका.’ दोघे हसले. बाबांना हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, आणि त्या हसण्याचाही मला राग आला. सहा माणसांमध्ये पंधरा वर्षं एक सुखाची जागा होती, आणि तिच्यात आई नव्हती, तू नव्हतास, मी नव्हते.

तू हे वाचून ये किंवा येऊ नकोस. पुरावा मी देऊ शकत नाही.

हेस्टर

ता.क. आणखी एक गोष्ट सांगायची आहे. पुढच्या पत्रात सांगेन असं आज म्हणते, आणि तसं म्हणण्याचीही मला लाज वाटते.

---

हेंग्रोव्ह, १४ मार्च १९५६

रूबेन,

तुझ्या उत्तराची वाट बघितली तर धीर सुटेल, म्हणून लिहिते.

त्या शुक्रवारी सकाळी मी खुराड्यात अंडी गोळा करत होते. बाबा प्रवासाचा कोट घालून आत वाकले. माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. ‘घरात काही बिघडलं तर हा आयव्हरकाकांच्या हातात द्यायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही. आईच्या नाही, रूबेनच्या नाही.’

‘काय बिघडलं तर?’

‘तुला कळेल. तू शहाणी आहेस. वाचायचा नाही. कुणाला सांगायचं नाही. वचन?’

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. नऊ वर्षांची होते. घरात एवढी माणसं असून विश्वास माझ्यावर टाकला, म्हणून दिवसभर मी दोन बोटं उंच झाले होते.

शनिवारी आई जमिनीवर बसली आणि तू सायकल काढलीस, तेव्हा मला कळलं की हेच ते बिघडणं. मी धावत लोहारशाळेत गेले. दार बंद. काकू म्हणाल्या, ‘ते काल दुपारीच लडलोला गेले बहिणीकडे. काय हवं होतं गं?’

मी म्हटलं, ‘काही नाही.’

हे दोन शब्द मी म्हटले, रूबेन. कागद मुठीत होता. काकूंच्या हातात दिला असता, पोस्टातल्या बाईंच्या हातात दिला असता, तू परत आल्यावर तुझ्या हातात दिला असता तरी चाललं असतं. बाबा म्हणाले होते, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी दोन तास बंद लोहारशाळेच्या पायरीवर बसून राहिले. आयव्हरकाका येतील म्हणून. मग घरी आले आणि कागद खुराड्यात, कोंबड्यांनी तिथेच अंडी घालावीत म्हणून ठेवलेल्या चिनी मातीच्या अंड्याखाली लपवला. तू आतमध्ये आईला पाणी पाजत होतास. मला म्हणालास, ‘कुठे होतीस?’ मी म्हटलं, ‘कोंबड्या बघत होते.’

आठवड्याने बघितलं तर कागद नव्हता. भुसा बदलताना जळाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

शाळेत, विद्यापीठात, सगळीकडे मी खरं बोलण्याबद्दल तावातावाने वाद घालत आले. मुली मला मागे ‘सत्याची बाई’ म्हणतात, मला माहीत आहे. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक.

आयव्हरकाका लोहारशाळेत नसतील हे निघताना बाबांना कळायला मार्ग नव्हता, आणि तिथे भेटल्यावर घरी कळवायला मनाई होती. ज्यांना कळलं होतं त्यांनी माहितीची गरज नसलेल्या कुणालाही सांगायचं नाही, असा नियम होता. एवढी पक्की व्यवस्था, आणि तिचं शेवटचं टोक एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मुठीत.

तू बाबांना चौदा वर्षं शिक्षा दिलीस. तिच्यातला माझा वाटा मी आजवर शांतपणे त्यांना भोगू दिला.

हेस्टर

---

हेंग्रोव्ह, ६ एप्रिल १९५६

रूबेन,

बाबांच्या निधनाची तार तुला आयव्हरकाकांनी केली, कारण माझ्या हातून ती लिहून होईना. रविवारी, एक तारखेला दुपारी गेले. त्याच्या आधी काय झालं ते तुला कळायला हवं.

तुला ते पत्र पाठवल्यावर मी त्यांना सांगितलं. बुधवार होता, शाळेतून लवकर आले होते, खिडकीतून ऊन पायापर्यंत आलेलं. मी पलंगाशी गुडघे टेकून कागदाचं सांगितलं, पायरी, चिनी मातीचं अंडं, काकूंना म्हटलेलं ‘काही नाही’. त्यांनी ऐकलं. मग बोटाने फडताळ दाखवलं. चषकांमागे तंबाखूचा डबा होता. त्यात नखाएवढा लाल-निळा बिल्ला होता, एवढंच सरकारने दिलेलं. आणि कागद होता. घडीवर अजून कोंबडीची वाळलेली घाण होती.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘भुसा... मीच बदलला.’

कागदावर टेलिफोनचा एक नंबर आहे आणि ‘अमोस प्रीसला निरोप’ एवढे शब्द. पोस्टातून तो लावायला पाच मिनिटं लागली असती.

मी म्हटलं, ‘मग रूबेनला का नाही सांगितलं? सही मोडायची नव्हती तर मोडू नका. पण घरात निरोपाची सोय करून गेलो होतो, एवढं म्हणाला असतात तरी तो राहिला असता.’

‘त्याने विचारलं असतं... निरोप कुणाकडे दिलात?’



ते थांबत थांबत म्हणाले, आणि मी जसंच्या तसं लिहिते: ‘तो सोळाचा. रागावला तर... कुठेही राबून खाईल. तू नऊची. तू कुठे जाणार होतीस?’

सहीचं कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं. मला वाटत होतं, मी त्यांची शिक्षा बघत होते. ते मात्र ती माझ्या अंगावर येऊ नये म्हणून दारात उभे होते. एकाला जाऊ दिलं आणि दुसरीला ठेवून घेतलं, आणि हे ठरवायला त्यांना एक भुसा बदलण्याएवढाच वेळ मिळाला. त्यांनी बरोबर केलं, असं मी म्हणणार नाही. तुझ्यावर फार मोठा अन्याय केला. माझ्यावरही केला, कारण मला विचारलं नाही. सगळ्या घराला त्यांनी त्या खोलीसारखं जमिनीखाली ठेवलं.

तुझी तार काल, गुरुवारी मिळाली. ‘पत्र वाचलं. जहाज शनिवारी. कागदाचं कुणाला सांगू नकोस. तू लहान होतीस. गप्प राहा.’

म्हणून हे पत्र जहाज कंपनीच्या पत्त्यावर पाठवते, तू बंदरात उतरशील तेव्हा मिळेल. तू प्रेमाने लिहिलंस, हे मला कळतं. चौदा वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला मऊ शब्द, आणि तो वाचून मी अंगणात बसून रडले. पण रूबेन, गप्प राहा असं मला सांगणारा तू तिसरा. आधी बाबांनी खुराड्यात सांगितलं. मग दफनाच्या सकाळी आयव्हरकाकांनी सांगितलं, माझ्या कोटाचं बटण लावून देत: ‘पोरी, चॅपलमध्ये दोन शब्द बोल. चांगला शेतकरी, चांगला बाप. पुढे जाऊ नकोस. सही आम्हा सगळ्यांची आहे.’

दफन बुधवारी झालं. त्यामुळे तुझी तार येईपर्यंत उशीर झाला होता.

मी उभी राहिले. पुढच्या बाकावर तुकडीतले उरलेले पाच जण होते, मागे सगळं गाव, ज्याने आपल्या बापाला बाहेरख्याली म्हटलं, पळपुटा म्हटलं, आळशी म्हटलं. मी कागद वर धरला आणि आधी माझं सांगितलं. लोहारशाळेची पायरी सांगितली. मग खोली, मग विल्टशायर, मग बूट, मग ती चाळीस पावलं.  पाचांपैकी दोघे मधेच उठून बाहेर गेले. आयव्हरकाका बसून राहिले, पण त्यांनी टोपी घातली. चॅपलमध्ये, जिथे ते टोपी काढल्याशिवाय कधी शिरले नाहीत, रूबेन. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘सोळा वर्षं आम्ही सहा जणांनी जे धरून ठेवलं, ते तू दहा मिनिटांत संपवलंस. शिकलीस ना.’ त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. बोलतील असं वाटत नाही.

तू येशील तेव्हा गावाला सगळं माहीत असेल, त्यांच्याबद्दलही आणि माझ्याबद्दलही. मला विचारून कुणी काही लपवलं नव्हतं, म्हणून उघडं करताना मीही कुणाला विचारलं नाही. मी कशावरच सही केलेली नव्हती.

हेस्टर